मुदत कायद्याची, दिवस आपला

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या कामांच्या अ‍ॅपने रूप पालटलं. मुदत उलटलेली कामं ‘आज’च्या यादीतून निघून खाली एका मिटलेल्या कप्प्यात गेली. वापरणाऱ्याच्या मनावर ताण नको, हे त्याचं कारण. सुरतेच्या उधन्यात बसून लोकांची रिटर्न भरणाऱ्या माणसाला ही मेहेरबानी परवडत नाही. राहिलेलं जीएसटी रिटर्न नजरेआड झालं तरी दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क चढतच राहतं. त्या कप्प्याने मला मागची सगळी वर्षं आठवायला लावली.

2010 च्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. लिंबायत-दिंडोलीतल्या खानदेशी घरांत भिंतीवर ‘कालनिर्णय’, ऑफिसात जाडजूड डायरी. कामांच्या यादीचं ‘रिमेंबर द मिल्क’ हे अ‍ॅप 2005 मध्ये आलं, ‘टुडुइस्ट’ 2007 मध्ये. आमच्यापर्यंत तेव्हा दोन्ही पोचली नाहीत.

खरं दशक वंडरलिस्टचं. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने 2010 च्या अखेरीस ते आणलं. यादी दुसऱ्याशी वाटून घ्यायची, काम माणसाच्या नावावर टाकायचं, खाली दोन ओळी लिहायच्या, झालं की खूण करायची. खूण केली की एक छोटी घंटी वाजायची. आमच्या ऑफिसात ती घंटी दिवसभर ऐकू यायची आणि कोणाकडे काय अडलंय हे विचारावं लागत नसे. सगळ्यांचं सगळ्यांना दिसत होतं. त्या दिसण्यातूनच कामाला शिस्त आली.

मग 1 जुलै 2017 उजाडला. जीएसटी आला, रिंगरोडवरच्या कापड बाजारांनी निषेध म्हणून कुलपं लावली. कायद्याच्या मूळ आराखड्यात महिन्याला तीन रिटर्न होती: 10, 15 आणि 20 तारखेची. सुरुवातीला तात्पुरतं म्हणून आणलेल्या 3बी या सारांश रिटर्नची पहिलीच मुदत 20 ऑगस्टवरून 25 वर गेली. नोव्हेंबरात मूळ तीनपैकी दोन रिटर्न स्थगित झाली. त्या काही महिन्यांत वंडरलिस्टची उणीव उघडी पडली. त्यात कामाला तारीख एकच देता यायची.

आजचंच 3बी घ्या. पार्टीची खरेदीची बिलं 8-10 तारखेपर्यंत हाती यायला हवीत. जुळवणीसाठी लागणारं 2बी विवरण 14 तारखेला तयार होतं. त्याआधी जुळवणीला हात घालण्यात अर्थ नाही. चलन 18 ला भरलं तर बरं. शेवटची तारीख 20. म्हणजे जुळवणी 14 पर्यंत यादीत दिसायला नको, आणि 14 नंतर एक दिवसही लपायला नको. एकाच रकान्यात हे बसत नाही. 20 लिहिली तर काम 20 लाच डोळ्यांसमोर येतं. 14 लिहिली तर 15 ला ते लाल होतं, जरी काहीही चुकलेलं नसतं.

वंडरलिस्टच्या त्या दिवसांत वेळेच्या नियोजनाचे वर्ग घेणारे छातीठोकपणे सांगत, मुदत पाच दिवस अलीकडची टाका. मी तेव्हाही विरोध केला होता, आजही करतो. खोटी मुदत टाकली की ऑफिसातल्या पोरांना आठवड्याभरात कळतं की लाल म्हणजे अजून पाच दिवस आहेत. मग खरं लालही कोणी बघत नाही. या सल्ल्याने कित्येक ऑफिसांच्या याद्या निकामी केल्या.

उपाय ठाऊक नव्हता असंही नाही. ‘ऑम्निफोकस’मध्ये काम पुढे ढकलायची तारीख आणि मुदत वेगळ्या होत्या, मे 2017 मध्ये आलेल्या ‘थिंग्ज 3’ मध्येही. पण ती दोन्ही अ‍ॅपलवाल्यांची. सुरतेतल्या करसल्लागारांची ऑफिसं विंडोज आणि अँड्रॉइडवर चालतात.

वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने 2015 मध्येच घेतलं होतं. 2017 मध्ये त्यांचं स्वतःचं ‘टू डू’ आलं. सप्टेंबर 2019 मध्ये वंडरलिस्टचे संस्थापक ख्रिश्चन रेबर यांनी आपलं अ‍ॅप परत विकत घ्यायची जाहीर तयारी दाखवली; ते झालं नाही. 6 मे 2020 ला वंडरलिस्ट बंद झालं. टाळेबंदीत माग थांबलेले होते, बाजार बंद होते, आणि आमची दहा वर्षांची मांडामांड दुसरीकडे न्यावी लागली. याद्या नेता आल्या. सगळ्यांनी मिळून एका यादीवर राबायची सवय मात्र तुटली, ती पुन्हा जुळली नाही.

‘टुडुइस्ट’ने 2024 च्या अखेरीस मुदतीचा वेगळा रकाना दिला, तोही पैसे भरणाऱ्यांना. जी गोष्ट पायाभरणीत असायला हवी ती वरच्या मजल्यावर भाड्याने मिळते आहे. आणि गरज तर वाढतेच आहे. 15 सप्टेंबर 2025 च्या रात्री उशिरा आयकर विवरणपत्राची मुदत एका दिवसाने वाढली. अशा वेळी मुदत बदलते, पण कोणत्या पार्टीचं काम कोणी कधी हातात घ्यायचं हे ठरवलेलं बदलायचं कारण नसतं. मुदत कायद्याची असते, कामाचा दिवस आपला असतो. ज्याला हे दोन वेगळे ठेवता येतात त्याचीच यादी खरी राहते.

म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे माझी मागणी सरळ आहे. दोन तारखा द्या, त्या फुकट द्या. वेळ न आलेलं काम लपवा. वेळ उलटलेलं काम मात्र सगळ्यात वर ठेवा, कारण त्याचा भुर्दंड त्या पार्टीला पडतो, जिने आमच्या भरवशावर बिलांची पिशवी टेबलावर ठेवलेली असते.