टक्केवारीआड दडलेली पेशी

गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेला रस्ता कोहमारा इथे राष्ट्रीय महामार्ग ५३ ला मिळतो. पूर्वेला देवरी, पश्चिमेला साकोली. या टापूत सिकलसेल म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस, आणि हातात कागद: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

बीटा ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. मात्र नवजात बाळाला हा त्रास नसतो. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच त्याचे कारण सुचवले होते: बाळाच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. ते बनवणारे जनुक पुढेही नाहीसे होत नाही, फक्त दाबले जाते. बीसीएल११ए हे प्रथिन ते दाबून ठेवते, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरच बेतलेल्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणजे प्रश्न जनुक आहे की नाही हा नाही. ते केव्हा आणि किती काम करते हा आहे. ते पाहायचे तर पेशी जिवंत हवी.

जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने ती वाट मोकळी केली. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना त्यासाठी २००८ चे नोबेल मिळाले. १९९८ मध्ये एदुआर बेर्त्रां, रॉबर्ट सिंगर आणि सहकाऱ्यांनी आणखी नेमकी युक्ती योजली. एमएस२ या जिवाणू-विषाणूच्या आरएनएतली वळणे त्यांनी हव्या त्या जनुकात बसवली आणि त्या वळणांना धरणारे प्रथिन चमकते केले. आरएनए तयार होताच तिथे प्रकाशाचा ठिपका दिसू लागतो. डॅनियल लार्सन यांच्या गटाने २०१४ मध्ये दोन रंग वापरून मानवी बीटा ग्लोबिन जनुकच असे न्याहाळले. बहुतेक आरएनएंची काटछाट, म्हणजे नको असलेले तुकडे कापून टाकणे, ते जनुकापासून सुटल्यावर, दूर जाता जाता होत होती, काहींची आधीच. ठरलेला क्रम नव्हता. त्या पेशी हाडाच्या कर्करोगातल्या होत्या, रक्ताच्या नव्हत्या, ही मर्यादा मोठी आहे. आणि शिरेतून काढलेल्या रक्तात हे पाहताही येणार नाही, कारण पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते. खरे नाट्य अस्थिमज्जेत घडून गेलेले असते.

तरीही हे काम मला गोंदियाच्या रुग्णाच्या अगदी जवळचे वाटते, कारण ते सरासरीवर न थांबता एकेक पेशी पाहते. अहवालात गर्भ हिमोग्लोबिन २० टक्के असे लिहून येते, तेव्हा ती सरासरी असते. ते सगळ्या पेशींत सारखे वाटलेले असेल तर बहुतेक पेशी तगतील. थोड्याच पेशींत साठलेले असेल तर उरलेल्या वाकतीलच. पूर्व विदर्भातल्या अनेक रुग्णांत हे प्रमाण मुळात बरे असते, तरी काहींना वारंवार असह्य वेदना होतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने हे प्रमाण वाढते, पण सगळ्यांत सारखे नाही. म्हणून केवळ टक्केवारी न देता प्रत्येक पेशीत किती आहे हे सांगणारी तपासणी जिल्हा रुग्णालयांपर्यंत यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.