एका नभोवाणी केंद्राचा अहोरात्र

पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ज्यावर बव्हंशी माणसांचे बोलणेच चालते आणि संगीत केवळ प्रसंगोपात्त डोकावते, असे नभोवाणी केंद्र एखाद्या राष्ट्राने पिढ्यानपिढ्या जतन करावे, ही गोष्ट जितकी विरळा तितकीच अभ्यसनीय आहे. ब्रिटनमधील बीबीसीचे ‘रेडिओ फोर’ हे असे केंद्र होय. हे नाव त्याला ३० सप्टेंबर १९६७ रोजी मिळाले. परंतु त्याची वंशावळ महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ रोजी, सुरू झालेल्या ‘होम सर्व्हिस’पर्यंत सरळ जाऊन पोहोचते. त्या होम सर्व्हिसशी महाराष्ट्राचाही एक धागा गुंफलेला आहे. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे युद्धकाळात बीबीसीच्या पूर्वविभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या, आणि रेशनच्या त्या दिवसांत मांस दुर्मीळ झाले असता ‘किचन फ्रंट’ या कार्यक्रमातून इंग्रज गृहिणींना भारतीय शाकाहारी पाककृती त्यांनी समजावून सांगितल्या होत्या.

या केंद्राची थोरवी, माझ्या मते, त्याच्या कार्यक्रमांच्या शेजारधर्मात आहे. नावाड्यासाठी योजलेले शेतकऱ्याच्या कानी पडते, शेतकऱ्यासाठी योजलेले प्राध्यापकाच्या, आणि ‘हे तुमच्यासाठी नव्हे’ असे कोणी कोणास म्हणत नाही.

दिवस उजाडण्यापूर्वीच नौकांसाठीचे हवामान-निवेदन होते. ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र एकतीस प्रभागांत वाटलेला आहे. प्रथम वादळांचे इशारे, मग हवेच्या दाबाची सर्वसाधारण स्थिती, आणि त्यानंतर नॉर्वेकडील ‘वायकिंग’पासून निघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ‘साउथईस्ट आइसलंड’पर्यंत एकेका प्रभागाची हजेरी. वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, पाऊसपाणी आणि दृश्यता, इतकेच आणि याच क्रमाने सांगावयाचे. सारा मजकूर साडेतीनशे-पावणेचारशे शब्दांत बसवावयाचा असल्यामुळे क्रियापदांना तेथे जवळजवळ मज्जाव आहे. यांपैकी ‘फिट्झरॉय’ हा एकच प्रभाग व्यक्तीच्या नावाने ओळखला जातो. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान आणि पुढे १८५४ मध्ये ब्रिटिश हवामानखात्याचा आद्य प्रमुख झालेला रॉबर्ट फिट्झरॉय, याचे नाव २००२ साली त्या जलभागास देण्यात आले. ज्यांनी आयुष्यात कधी नावेत पाऊल ठेवले नाही असे असंख्य लोक हे निवेदन भक्तिभावाने ऐकतात, ते केवळ त्यातील लयीसाठी असे मला वाटत नाही. आपण अंथरुणात सुरक्षित असताना कोणीतरी त्या पाण्यावर आहे, याची जाणीव त्यातून होत असते.

पाठोपाठ शेतीवार्ता येते, आणि सहा वाजता ‘टुडे’. २८ ऑक्टोबर १९५७ पासून चाललेला हा प्रभातकाळचा वृत्तकार्यक्रम म्हणजे मंत्र्यांची नित्याची कचेरी. तेथे जाबजबाब द्यावे लागतात आणि उलटतपासणीही सोसावी लागते. हा रिवाज लोकशाहीस पोषक आहे यात शंका नाही. तथापि वाद कधीकधी इतका पेटतो की मूळ प्रश्न तहकूबच राहतो. अशा वेळी आधी झालेली दुधाच्या भावाची शांत चर्चा अधिक ज्ञान देऊन गेली, असे म्हणावे लागते.

गुरुवार असेल तर नवाच्या ठोक्याला ‘इन अवर टाइम’. ऑक्टोबर १९९८ मध्ये मेल्विन ब्रॅग यांनी सुरू केलेल्या आणि २०२५ पर्यंत चालविलेल्या या कार्यक्रमाची मांडणी अगदी साधी आहे: एक प्रश्नकर्ता, तीन विद्वान, एक विषय आणि पाऊण तास. विषय आज एखादा मूलकण असेल, तर पुढल्या खेपेस एखादी विस्मृत लढाई. ताज्या बातमीचा आधार नाही, नव्या पुस्तकाची भलावण नाही. पंडित पाल्हाळात शिरला की प्रश्नकर्ता त्याला बिनदिक्कत मूळ मुद्द्यावर आणणार. विद्वत्ता सुलभ करताना ती पातळ करावी लागत नाही, याचा इतका सज्जड पुरावा मला दुसरा ठाऊक नाही. दहा वाजता येणारा ‘वुमन्स अवर’ त्याहून कितीतरी जुना, १९४६ चा. स्त्रियांच्या आरोग्याविषयी आणि हक्कांविषयी जे चारचौघांत बोलले जात नव्हते, ते त्याने दिवाणखान्यात आणले.

दुपारच्या ग्राहकांच्या तक्रारी आणि वार्तापत्रे ओलांडून ‘द आर्चर्स’ या नभोनाट्यमालिकेपाशी मात्र थांबलेच पाहिजे. युद्धोत्तर अन्नटंचाईत शेतकऱ्याने पीक वाढवावे, नव्या पद्धती अंगीकाराव्यात, हा हेतू मनाशी धरून गॉडफ्री बेझली यांनी बर्मिंगहॅममध्ये ही मालिका उभी केली; १ जानेवारी १९५१ पासून ती राष्ट्रव्यापी झाली, आणि १९७२ पर्यंत तिला शेतीखात्याचा सल्ला मिळत असे. अँब्रिज हे गाव काल्पनिक, परंतु तेथील पेरणी, जनावरांचे रोग, वारसाहक्काचे तंटे सारे खरे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, ज्या रात्री ब्रिटनमध्ये खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाली नेमक्या त्याच रात्री, तबेल्याच्या आगीतून घोडा सोडवू पाहणारी ग्रेस आर्चर या मालिकेत मृत्युमुखी पडली, आणि देश हळहळला. फिल आर्चर ही एकच भूमिका नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० पासून २००९ पर्यंत केली. नट आणि पात्र एकाच वेगाने वृद्ध झाले, हे भाग्य रंगभूमीला सहसा लाभत नाही.

सायंकाळी सहाला बिग बेनचे टोले, मग बातम्या, साडेसहाला विनोद; हा विनोद रोजच साधतो असे नाही, पण डग्लस अ‍ॅडम्स यांची जगविख्यात अंतराळकथा १९७८ मध्ये प्रथम याच केंद्रावर ऐकू आली, हे विसरता येत नाही. रात्री दहाला जगाचा परामर्श, त्यानंतर पाव तास कादंबरीवाचन. मध्यरात्रीनंतर पुन्हा तेच समुद्राचे निवेदन, राष्ट्रगीत, आणि पहाटेपर्यंत सारी सूत्रे ‘वर्ल्ड सर्व्हिस’कडे.

या सर्व व्यापात जाहिरात नाही. खर्च भागतो तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या परवाना-शुल्कातून. निव्वळ नभोवाणी ऐकणाऱ्यास १९७१ पासून एक छदामही द्यावा लागत नाही. बीबीसीचा कारभार ज्या राजसनदेनुसार चालतो तिची चालू मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. नव्या सनदेचा मसुदा ज्यांच्या हाती असेल त्यांनी जमाखर्चाचे कागद अवश्य पाहावेत. परंतु सही करण्यापूर्वी या केंद्राचा एक दिवस, पहाटेच्या समुद्रापासून रात्रीच्या समुद्रापर्यंत, मधले काहीही न गाळता ऐकावा.