बकीचं गणित

‘पुढच्या पेशंटला बकीवर घ्या,’ असं एक्स-रेच्या खोलीत दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. बकी हे एका डॉक्टरचं आडनाव आहे, हे मला तिथल्या टेक्निशियनने सांगितलं, तेव्हा मी बकी म्हणतात त्या चौकटीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. हाताची हाडं स्वच्छ दिसत, पोटाचं चित्र मात्र धुरकट येई. जाड मांसातून जाताना बरेच किरण दिशा बदलतात आणि फिल्मवर भलतीकडेच पडतात. बर्लिनच्या गुस्ताव्ह बकी यांनी 1913 मध्ये रुग्ण आणि फिल्म यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी ठेवली. धुकं विरलं, पण जाळीचीच सावली चित्रात उमटली. शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी आडव्या पट्ट्या काढून फक्त समांतर पट्ट्या ठेवल्या आणि किरण सुरू असताना जाळी सरकवली. फिरत्या सायकलच्या आऱ्या दिसत नाहीत, तशा रेघाही दिसेनाशा झाल्या.

टेक्निशियनने ही जाळी, म्हणजे ग्रिड, माझ्या हातात दिली. दिसायला साधा पत्रा. आत मात्र एका सेंटिमीटरमध्ये चाळीसेक शिशाच्या पट्ट्या उभ्या, मधल्या फटींत ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबर. चाळण दाण्याचा आकार बघते, ही दिशा बघते. सरळ आलेला किरण फटीतून जातो, तिरका शिशाला धडकतो. किरण नळीतून पसरत येतात, म्हणून कडेच्या पट्ट्या नळीकडे कललेल्या असतात. ‘ही उलटी बसली तर मधला पट्टा तेवढा येतो, दोन्ही कडा कोऱ्या,’ ते म्हणाले. म्हणून नळीकडची बाजू पत्र्यावरच छापलेली असते.

खरी अडचण पुढे आहे. पट्टीची उंची फटीच्या बारापट केली, तर आठपटीपेक्षा धुकं जास्त अडतं. पण कामाचे किरणही शिशात अडकतात आणि नळी थोडी सरकली तरी चित्र बिघडतं. भरपाई म्हणून किरण दुप्पट-चौपट, कधी त्याहून जास्त सोडावे लागतात, आणि ते रुग्णाच्या अंगातूनच जातात. डिजिटल डिटेक्टरवर स्थिर ग्रिडच्या रेघा आणि पिक्सेलच्या ओळी एकमेकींत गुंतून लाटांसारखी नक्षी उमटते. रेघा आणखी दाट कराव्यात, तर शिसं पातळ होतं आणि तिरके किरण निसटतात. म्हणजे एक बाजू सावरली की दुसरी कलते. आता ग्रिडशिवाय काढलेल्या चित्रातलं धुकं हिशेबाने वजा करणारं सॉफ्टवेअरही आलं आहे. पण विखुरलेला किरण वाटेतच अडवणं त्याला जमत नाही.

निघताना एका लहान मुलाच्या मनगटाचा एक्स-रे होता. टेक्निशियनने चित्र टिपणारी कॅसेट टेबलावर ठेवली आणि हात थेट तिच्यावर टेकवला. दहा सेंटिमीटरहून बारीक अवयवाला ग्रिड सहसा लावत नाहीत.