गाठीची रसद तोडताना

१९६० च्या दशकात बेथेस्डा येथील अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तरुण सर्जन ज्युडा फोकमन यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सोडल्या, की गाठ एक-दोन मिलिमीटरची व्हायची आणि थांबायची. तीच गाठ उंदराच्या अंगात घातली की झपाट्याने फोफावायची. फरक होता तो नव्या रक्तवाहिन्यांचा. त्या फुटू दिल्या नाहीत, तर गाठीची रसद तुटेल, हे त्यांनी १९७१ मध्ये मांडलं. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या वाट्याला शंकाच जास्त आल्या.

१९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांना वाढायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं काढलं. त्याला अडवणारं औषध म्हणजे बेव्हॅसिझुमॅब.

फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र या औषधाच्या पहिल्या चाचण्यांतच धोका कळला. स्क्वेमस प्रकारच्या गाठी बऱ्याचदा मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतात. अशा काही रुग्णांना खोकल्यातून रक्त जाऊन मृत्यू आला. त्यामुळे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८७८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत या प्रकाराला वगळलं होतं. नुसत्या केमोथेरपीवर निम्मे रुग्ण १०.३ महिन्यांपलीकडे जगले, औषधाची जोड मिळाल्यावर १२.३. दोनच महिने! पण ज्या घरात हा आजार असतो, तिथे दोन महिने थोडे नसतात.

पण रक्तवाहिन्या तोडून गाठीची उपासमार करायची, तर केमोचं औषध तिच्यापर्यंत पोहोचणार कसं? याचं उत्तर बोस्टनच्या राकेश जैन यांनी २००१ मध्ये सुचवलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या संशोधकाच्या मते गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात; योग्य मात्रेत वाहिन्यांची वाढ रोखणारं औषध त्यांना काही काळ ताळ्यावर आणतं आणि केमो आत शिरते. मला हा विचार मूळ कल्पनेहून मोलाचा वाटतो.

२०१४ मध्ये याच वाटेवरचं रॅम्युसिरुमॅब हे दुसरं औषध आलं. तिथेही फायदा महिन्या-दीड महिन्याचाच. व्हीईजीएफ प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही दडपतं, म्हणून २०१८ पासून काही रुग्णांना बेव्हॅसिझुमॅब इम्युनोथेरपी आणि केमोसोबत दिलं जाऊ लागलं.

घरात कुणाला बेव्हॅसिझुमॅब सुरू असेल, तर रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं नियमित तपासून घ्या. थुंकीत रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा. आणि कोणतंही ऑपरेशन, अगदी दात काढणंसुद्धा, कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नका.