दर्शनी खोली आणि आतला ओटा

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने केडगावला आपले पहिले घर घेतले. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. माझ्या तोंडी मात्र अजून नगरच येते, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे. घर बेताचेच. दोन खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर. चटई क्षेत्र ५८० चौरस फूट. तो नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस, सूनबाई एका खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिना ५२ हजार हाती येतात. घराची किंमत ३२ लाख. त्यातले २५ लाख बँकेचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा मासिक हप्ता २१ हजार ७०० रुपयांच्या आसपास पडतो.

घराचे कर्ज मंजूर झाले की माणसाला वाटते, डोंगर चढून झाला. चाळीस वर्षांपूर्वी मी बँकेत रुजू झालो तेव्हापासून पाहत आलो आहे, खरी दमछाक पुढच्या चढावर होते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक सामान्यतः घराच्या किमतीत धरत नाही. तो आपल्या खिशातून द्यावा लागतो. ३२ लाखांच्या घराला हा आकडा दोन लाखांच्या वर गेला. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. या दोघांनी ते संयुक्त नावावर घेतले, त्यामुळे ती हुकली. मग वीजमीटर, सोसायटीची अनामत, सामानाचा टेम्पो. सगळे भागवून हाती राहिले एक लाख वीस हजार.

अशा वेळी एका रविवारी सकाळी दोघे आमच्याकडे आले. पुतण्याच्या हातात सजावटकाराने दिलेले रंगीत अंदाजपत्रक होते. छताखाली पीओपीचे दुसरे छत, भिंतभर टीव्ही युनिट, आरशाच्या दारांचे कपाट, चकचकीत मॉड्युलर किचन, कोपऱ्याचा सोफा. एकूण चार लाख वीस हजार. उरलेले तीन लाख वैयक्तिक कर्जाने उभे करायचे, असे सजावटकारानेच सुचवले होते. गृहप्रवेशाला पाच आठवडे उरले होते.

मी विचारले, "हे सगळे आत्ताच कशाला?"

तो म्हणाला, "काका, सासरची मंडळी येणार, ऑफिसमधले येणार. रिकाम्या घरात बोलवायचे का त्यांना?"

मी कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. तीन लाख, १४ टक्के, ३६ महिने; हप्ता १० हजार २५० च्या जवळपास आणि तीन वर्षांत निव्वळ व्याज सुमारे ६९ हजार. घराचा हप्ता मिळवला की महिन्याला जवळजवळ ३२ हजार जाणार. उरलेल्या वीस हजारांत किराणा, वीज, पेट्रोल, औषधपाणी, आईवडिलांना पाठवायचे पैसे. एखादे आजारपण आले, सूनबाईंची नोकरी वर्षभर थांबली, तर काय? बँकेत असताना अशा कर्जांच्या अर्जांवर मी सह्या केल्या आहेत आणि दोन-तीन वर्षांनी त्याच माणसांना समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेलेही पाहिले आहे. त्यांचे घर बहुधा शाबूत राहायचे. मोडायची ती घरातली शांतता.

दुकानातली "बिनव्याजी" योजना आणखी फसवी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते. उदाहरण घ्या. सोफा ४० हजारांचा, चार-चार हजारांचे दहा हप्ते, व्याज शून्य. तोच सोफा रोखीने मागितला तर दुकानदार ३७ हजारांत देतो. म्हणजे आपण कर्ज घेतले ३७ हजारांचे आणि फेडले ४०. उतरत्या शिलकेवर हिशोब केला की हा दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. रोखीचा भाव विचारल्याशिवाय हप्त्याची गोष्ट काढू नये, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

इथवर मी बोललो ते बँकेच्या अधिकाऱ्यासारखे. पुतण्याचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आमच्या सौ. म्हणाल्या, "हिशोब सांगितलात, आता आपली शोकेससुद्धा सांगा त्यांना."

ती सांगणे मला जड जाते, तरी येथे लिहितो. १९९१ साली सावेडीत आम्ही पहिले घर घेतले. बँकेच्या कर्मचारी कर्जातून, अगदी मोजून-मापून. स्वयंपाकघराचा ओटा बांधायच्या वेळी गवंडी म्हणाला, "साहेब, वहिनी उंच आहेत, ओटा तीन-चार इंच वर घेऊ का? तीनशे रुपये जास्त होतील." मी नाही म्हणालो. त्याच महिन्यात सणाची उचल घेऊन दर्शनी खोलीसाठी साडेचार हजारांची काचेची शोकेस केली. त्या काळी ती प्रत्येक घरात असे; आत भेट आलेले चिनी मातीचे संच, एक प्लास्टिकची बोट, दोन बाहुल्या. त्या संचांतून कोणी कधी चहा प्यायला नाही. ओट्याशी मात्र सौ. तीस वर्षांहून अधिक काळ रोज तीन-चार तास वाकून उभ्या राहिल्या. त्यांचे कंबरेचे दुखणे ओट्यामुळेच, असे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नाही. पण कमरेला पट्टा बांधून त्या पोळ्या लाटताना दिसल्या की मला ते तीनशे रुपये आठवतात. काटकसर मी केली होती, ती सोसली दुसऱ्या कोणी.

सूनबाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या ओट्याची फरशी अजून बसायची आहे, काका."

दुसऱ्या दिवशी आम्ही फूटपट्टी घेऊन केडगावला गेलो. ओट्याची उंची ठरवायची रीत सोपी आहे. जो रोज स्वयंपाक करणार त्याने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा. कोपरापासून चार इंच खाली ओटा यावा. बिल्डरने सर्वांसाठी ३२ इंच धरले होते. सूनबाईंना हवे होते ३५. गवंड्याने विटेचा आणखी एक थर घेतला, खर्च सहा हजार. १९९१ चे तीनशे ते हेच.

तेथून पुढे अंदाजपत्रकाकडे पाहण्याची नजरच बदलली. ज्या वस्तूला रोज अंग लागते तिच्यात हात आखडायचा नाही. जी पाहुण्याच्या डोळ्यांसाठी आहे ती थांबू शकते. या चाळणीतून मॉड्युलर किचन पहिल्यांदा गळाले. ओट्याखाली कडप्प्याचे आडवे-उभे कप्पे बसवले आणि भांड्यांसाठी स्टीलच्या दोन ट्रॉल्या. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. स्वस्त मॉड्युलर किचनमध्ये बहुधा भुशाचे दाबलेले बोर्ड असतात. सिंकखाली एकदा पाणी झिरपले की त्यांच्या कडा पावासारख्या फुगतात. प्लायच लावायचा असेल तर त्यावरचा छाप वाचावा. आयएस ३०३ हा साधा प्लाय, आयएस ७१० हा पाणी सोसणारा, मरीन. सुताराच्या तोंडी दोन्ही "वॉटरप्रूफच" असतात. कप्प्यांना दारे नंतर लावता येतील. तूर्त सूनबाईंनी मांजरपाटाचे पडदे शिवले आहेत. पाण्याच्या माठाची तिवई मात्र पहिल्या दिवसापासून जागेवर होती, कारण गाळलेले पाणी ठेवायचे कोठे हा आपल्या घरांतला पहिला प्रश्न. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपत असल्याने स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत पुरेसा उजेड असतो. जेवणघरात झुंबर लावण्याचा सजावटकाराचा आग्रह त्यामुळे आपोआपच निकालात निघाला.

ती खिडकी उजेड देते तशी मे महिन्यात आगही ओतते. नगरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हे सांगायला नको. जाड पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते. ते बाहेरच अडवावे लागते. म्हणून बाहेरच्या बाजूला बांबूचा चिकाचा पडदा टांगला. पंख्यांवर मात्र आम्ही उदारपणे खर्च केला. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटारीचा तीसेक वॅट. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस चालवला तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर सुमारे तेराशे रुपये. किमतीतला फरक साधारण एका वर्षात भरून निघतो. चार पंखे घेतले.

रंगाबाबत पुतण्या नाराज होता. त्याला एका भिंतीला गर्द निळा हवा होता. मी म्हटले, पहिला पावसाळा जाऊ दे. नव्या गिलाव्यात ओल असते, क्षार असतात. एक पावसाळा गेला की लोणा कोठे फुटतो, भेग कोठे पडते ते कळते. महागडा रंग त्याआधी लावणे म्हणजे ओल्या अंगावर नवा सदरा घालणे. बिल्डरने दिलेला पांढरा हात तसाच ठेवला. मात्र विजेचे जादा पॉइंट तेव्हाच काढून घेतले, कारण रंगानंतर भिंत फोडणे दुप्पट खर्चाचे. खिडक्यांना डासांच्या जाळ्याही त्याच वेळी बसल्या.

झोपण्याच्या खोलीत फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला लोखंडी पलंग आणि त्यावर चांगली गादी. कापसाची गादी घ्यावी की फोमची, यावर घरात बरीच चर्चा झाली. कापसाची गादी काही वर्षांनी पिंजून पुन्हा भरता येते, हा तिचा मोठा गुण. पण पिंजणारे आता शोधावे लागतात. सूनबाईंनी स्वतः दुकानात आडवे पडून पाहिले आणि घट्ट फोमची निवडली. दुकानदाराला संकोच वाटला, त्यांना नाही. कपाट जुनेच, पुतण्याच्या आईचे. गंज घासून रंग दिला, खर्च अठराशे. फ्रीज व धुण्याचे यंत्र भाड्याच्या घरातून आले.

राहिली दर्शनी खोली. तिच्यासाठी माझ्या मनात एक चित्र होते. माझे वडील आडते बाजारात एका पेढीवर मुनीम होते. पेढीवर खुर्ची नव्हती. भिंतीकडेला गाद्या, त्यांवर पांढरीशुभ्र चादर, टेकायला तक्के आणि लोड, पुढे उतरते मेज. लाखोंचे व्यवहार त्या बैठकीवर होत आणि आलेल्या माणसाला गरिबाघरी आल्यासारखे कधी वाटत नसे. केडगावच्या खोलीत आम्ही तशीच बैठक घातली. सोबत एक सागवानी दिवाण. गावातले जुने वाडे पाडले जातात तेव्हा लाकूड विकायला निघते. तसल्याच एका ठिकाणी तो मिळाला. पायांना सुरी टोचून वाळवी नाही ना हे पाहिले, सुताराने एक पाय बदलला, पॉलिश केले. सारे मिळून सात हजार. दिवसा बसायला, रात्री पाहुण्याला झोपायला. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चार खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या. बैठकीची ही एक उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे: साठीनंतर खाली बसता येते, उठणे अवघड.

गृहप्रवेशाला साठ-सत्तर माणसे आली. सासरच्या एका काकींनी "सोफा अजून यायचाय वाटते?" असे विचारलेच. सूनबाई हसून म्हणाल्या, "यायचाय की, ओटा बघायला चला ना." आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. काकी तेथे बराच वेळ उभ्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, आमच्या सुनेचा ओटा फार खाली आहे.

एकूण खर्च ९१ हजारांच्या आत राहिला. उरलेले २९ हजार मी अडीअडचणीला बाजूला ठेवायला लावले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे दिवाळीला मिळालेला बोनस पुतण्याने सोफ्याऐवजी कर्जात भरला. सोफ्याचा विषय अधूनमधून निघतो. निळ्या भिंतीचाही. यंदाच्या पावसाळ्यात त्याच भिंतीच्या कोपऱ्यात लोणा दिसला, तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्या गृहप्रवेशानंतर आमच्या सावेडीच्या घरात मी गवंडी बोलावला. ओटा फोडून पुन्हा बांधायचा म्हणजे नळ, गॅस, फरशी, सारेच हलवावे लागते. आठ दिवस स्वयंपाकघर गॅलरीत होते. खर्च आला ३८ हजार. सौ. म्हणाल्या, आता या वयात कशाला. काम पूर्ण झाल्यावर त्यांनी पोळपाट नव्या ओट्यावर ठेवला, एक पोळी लाटली, आणि मग गवंड्याला विचारले, "अर्धा इंच अजून वर नाही का घेता येणार?"