ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे कोणाला?

घरचा संगणक : लेखांक १४

डिस्क ड्राइव्हची आठवण आता वर्षाकाठी एखाद्या वेळीच होते. सीटी स्कॅनच्या अहवालासोबत सीडी हातात पडते, किंवा १५ वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची असते, आणि नेमके तेव्हाच लक्षात येते की ‘धिस पीसी’मध्ये सी आहे, डी आहे, डिस्कचे चिन्ह मात्र गायब आहे. मग कोणी ड्राइव्ह मेला असे धरून नवा आणतो, कोणी विंडोज पुन्हा टाकतो, कोणी सगळा डबा उचलून दुकानात नेतो. हे तिन्ही उपाय घाईचे आहेत, कारण ‘ड्राइव्ह दिसत नाही’ हे वाक्यच अर्धे आहे. तो कोणाला दिसत नाही, विंडोजला की खुद्द मदरबोर्डला, हे ठरल्याशिवाय खर्च केलेला रुपया आणि घालवलेला रविवार दोन्ही वाया जाऊ शकतात.

ड्राइव्ह आणि ते चिन्ह यांच्यामध्ये बरीच साखळी असते. साटा ड्राइव्हला दोन जोडण्या लागतात : विजेची १५ पिनांची रुंद आणि माहितीची ७ पिनांची अरुंद. संगणक सुरू होताच बायोस, म्हणजे आजच्या यंत्रांत यूईएफआय, प्रत्येक पोर्टवर कोण आहे याची विचारणा करते आणि ड्राइव्ह आपले मॉडेल सांगतो. नंतर विंडोज उठते, स्वतःची विचारणा करते, ड्रायव्हर जोडते आणि शेवटी ड्राइव्हला एक अक्षर देते. कोणताही दुवा निखळला तरी आपल्याला दिसणारे लक्षण एकच असते. बटण दाबल्यावर ट्रे बाहेर येतो, म्हणजे ड्राइव्ह जोडलेला आहे, हा समज इथेच फसवतो. ट्रे उघडायला वीज पुरते. माहितीची केबल सुटलेली असली तरी तो उघडतो. उलट ट्रेही हलत नाही आणि दिवाही लागत नाही, तर पहिला संशय विजेच्या जोडणीवर घ्यावा.

म्हणून पहिली साक्ष बायोसची घ्यायची. तिला विंडोजशी, तिच्या ड्रायव्हरशी, त्यात टाकलेल्या प्रोग्रामांशी काही देणेघेणे नसते. संगणक सुरू होताना डिलीट, एफ२ किंवा त्या कंपनीने ठरवलेले बटण दाबून आत गेले की साटा पोर्टांची यादी सापडते. यावर एक रास्त आक्षेप आहे : अनेक यूईएफआयमध्ये बूटच्या क्रमवारीत ड्राइव्ह नसतो आणि तरीही तो धडधाकट असतो. हे खरे आहे. बूटच्या यादीत बहुधा ज्यावरून संगणक सुरू होऊ शकतो तेवढेच दाखवले जाते, आणि रिकाम्या ट्रेवरून काही सुरू होत नाही. तेव्हा पाहायचे ते साटाचे किंवा स्टोरेजचे पान. काही लॅपटॉपांत तेही नसते. तिथे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, हार्ड डिस्कवर काहीही न बसवता. ड्राइव्ह तिथे ‘एसआर०’ या नावाने उभा राहिला, तर केबल, पोर्ट आणि ड्राइव्हची इलेक्ट्रॉनिक्स यांची सुटका झाली असे समजायला हरकत नाही.

बायोसलाही दिसत नसेल तर विंडोजमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही. वीज बंद करून, वायर भिंतीतून काढून, दोन्ही जोडण्या घट्ट बसवाव्यात; मग हार्ड डिस्कला चालत असलेली माहितीची केबल तात्पुरती ड्राइव्हला लावून पाहावी. चालत्या भागाशी केलेली अदलाबदल हा अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा पुरावा असतो. पोर्टचीही शंका घ्यावी, विशेषतः अलीकडे संगणकात एम.२ जातीची एसएसडी बसवली असेल तर. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.२ ची खाच आणि एखाददुसरे साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. खाच भरली की ते पोर्ट आपोआप बंद पडते. संगणक वेगवान झाला आणि त्याच दिवशी ड्राइव्ह नाहीसा झाला, याचे कारण पुष्कळदा हेच असते. कोणते पोर्ट बंद होते हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेले असते. केबल शेजारच्या पोर्टात घातली की काम झाले.

आता दुसरी शक्यता, जी मला जास्त महत्त्वाची वाटते : बायोसला दिसतो, विंडोजला नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडले की ड्राइव्हच्या नावापाशी पिवळी खूण असते आणि तपशिलात १९ किंवा ३९ असा कोड. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतील नोंद अपुरी किंवा बिघडलेली, ३९ म्हणजे ड्रायव्हर चढवता आला नाही. डिस्कवर लिहिणारे प्रोग्राम विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधोमध आपला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतात. आयट्यून्सही बसवत असे. प्रोग्राम अर्धवट काढला गेला, किंवा विंडोजची आवृत्ती बदलली, की फिल्टरची फाइल जाते आणि रजिस्ट्रीत त्याचे नाव मागे उरते. विंडोज त्या नावाचा शोध घेते, काही सापडत नाही, आणि सगळा ड्राइव्हच बाजूला ठेवते. यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलेला आहे : रजिस्ट्रीत ४डी३६ई९६५ पासून सुरू होणाऱ्या सीडी-डीव्हीडी वर्गाच्या नोंदीतून ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ ही दोन मूल्ये काढायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा.

बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह स्वस्तात मिळत असताना एवढी उठाठेव कशाला, असे विचारले जाते. उत्तर त्या रजिस्ट्रीच्या रचनेतच आहे. ही नोंद एका ड्राइव्हची नसते, सीडी-डीव्हीडीच्या अख्ख्या वर्गाची असते. त्यामुळे नवा ड्राइव्ह यूएसबीने जोडला तरी विंडोज त्यालाही तोच हरवलेला फिल्टर लावायला जाईल, आणि तोही दिसणार नाही. मग माणूस तो दुकानात परत करतो आणि दोन चांगल्या ड्राइव्हांना खराब ठरवतो. शिवाय यूएसबी २ पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची असते आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह त्याहून अधिक ओढू शकतो, म्हणजे नव्या ड्राइव्हबरोबर न दिसण्याचे आणखी एक कारण घरात येते.

रजिस्ट्रीला हात लावणे धोक्याचे, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. शेजारीच हार्ड डिस्कच्या वर्गाची नोंद असते, ५ च्या जागी ७ एवढाच पहिल्या गटात फरक. तिथली मूल्ये उडवली तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी त्या नोंदीची प्रत एक्सपोर्ट करून ठेवावी, आकडा दोनदा वाचावा आणि दोन मूल्यांपलीकडे काही काढू नये. डिस्कवर लिहिणारा एखादा प्रोग्राम त्यानंतर रुसेल. तो पुन्हा बसवला की चालतो. विंडोज नव्याने टाकल्यानेही ही अडचण जाते, पण दोन मूल्यांसाठी सगळे प्रोग्राम आणि मांडणी पुन्हा उभी करावी लागते. आणि दोष केबलचा असेल तर तेवढे करूनही चिन्ह येत नाही.

एक प्रकार या सगळ्यांतून सुटतो : ड्राइव्ह बायोसला दिसतो, विंडोजला दिसतो, सीडी वाचतो, पण डीव्हीडी घातली की गप्प. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो, आणि त्यातला एक थकला तरी दुसरा काम करत राहतो. लेन्स आणि लेझरची ही गोष्ट पुढच्या आठवड्यात.