काडतुसाच्या मानेवरचा डाग

संरक्षण उत्पादन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्षेपणास्त्र येतं. आमच्या फॅक्टरीत मात्र सगळ्याची सुरुवात बोटाच्या टोकावर मावणाऱ्या पितळी वाटीपासून व्हायची. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. प्रेसखाली वाटी लांबते, भिंत पातळ होते आणि पितळ कडक होत जातं. तशीच पुढे ओढली तर फाटते. म्हणून एक ड्रॉ झाला की भट्टी, मग ॲसिडची टाकी, धुलाई आणि पुन्हा ड्रॉ.

शेवटी त्या वाटीची काडतुसाची केस होते; तिची मान आवळली की तेवढीच ज्योतीवर तापवायची. बूड कडकच राहायला हवं, नाहीतर गोळी सुटल्यावर केस चेंबरला चिकटून बसते. मान मात्र मऊ हवी. या तापवण्यानं मानेवर निळसर-तपकिरी डाग उरतो. नवीन अप्रेंटिस आधी तो घासून काढायला बघतो. पण लष्करी काडतुसांवर तो मुद्दाम राहू देतात, मान तापवली होती हे तपासणाऱ्याला नुसत्या नजरेनं कळावं म्हणून.

त्या तापवण्यामागे आपल्याच पावसाळ्याची गोष्ट आहे. इंग्रजांच्या फौजेत तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं हात न लावताच चिरायची, तीही पावसाळ्यात. ओढताना पितळात अडकून राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया यांच्या जोडीनं हे होतं, असा उलगडा १९२१ साली झाला; तापवलं की तो ताण निघून जातो. घोडे गेले, तरी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात केस बुडवून तडा जातो का ते बघायची चाचणी राहिली. मला तरी हे संशोधन कुठल्याही रॉकेटपेक्षा कमी वाटत नाही.

संशोधन आणि कारखाना यांचं नातं पुण्यातच बघा. लष्कराची इन्सास रायफल आखली पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं. जवळच खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरी आहे, १८६९ सालची. डिझाइन आणि उत्पादन असं शेजारी असलं तरी भांडण चुकत नाही. प्रोटोटाइप टूलरूममधल्या मुरलेल्या फिटरच्या हातून उतरतो. लॉट निघतो लाखांचा, रात्रपाळीला, झिजत चाललेल्या डायवर. डिझाइनच्या साहेबांनी टॉलरन्स आणखी आवळला की आमचे फोरमन ड्रॉइंग टेबलावर पसरून एवढंच विचारायचे, "साहेब, हे कुठल्या मशीनवर पकडू?" यात आडमुठेपणा नव्हता. बऱ्याचदा त्या प्रश्नानंतरच खरं डिझाइन सुरू व्हायचं.

पुढे डेंजर बिल्डिंग. खिसे रिकामे, काडेपेटी बाहेर, चपला बदलायच्या. कॅप बसते, दारू भरली जाते, बुलेट दाबली जाते. तिथे मोठ्यानं बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

१ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, तिचं मुख्यालय पुण्यात. गेटवरची पाटी बदलली. कंपनीला आता ऑर्डर मिळवावी लागते, आणि हे बरंच झालं असं मला वाटतं. पण त्यानं डाय झिजायची थांबत नाही.

प्रूफला, म्हणजे गोळ्या झाडून करायच्या चाचणीला, लॉटमधून नमुने उचलतात. वेग, चेंबरमधला दाब, नेम. नमुन्यात खोट निघाली की अख्खा लॉट थांबतो. मग धावपळ होते ती भट्टीच्या नोंदवहीकडे, कुठल्या पाळीला तापमान घसरलं ते शोधायला.